लाल-काळ्या पट्ट्यांमागचा आवाज

डिझाइनचा इतिहास शिकवताना रशियन कलाकार-डिझायनर एल लिसित्झ्कीचं एखादं लाल-काळं पान पडद्यावर येतं, 'कन्स्ट्रक्टिव्हिझम' (क्रांतीच्या काळातली रशियन कला-चळवळ) असं सांगितलं जातं आणि वर्ग पुढे सरकतो. मग मुलांच्या पोस्टरांवर तिरक्या पट्ट्या आणि लाल वर्तुळं दिसू लागतात. मला याचं फार वाईट वाटतं. पान कोण वाचणार आणि कसं वाचणार, यातून मांडणी ठरवायची हे त्या माणसाचं खरं काम. ते बाजूला राहतं आणि पट्ट्या तेवढ्या उरतात.

ओळींची शिस्त आधी मोडली ती इटलीतल्या फ्यूचरिस्टांनी, म्हणजे यंत्र नि वेगानं भारलेल्या कवी-चित्रकारांनी. एका पानावर तीन-चार रंगांची शाई वापरा, गरज पडली तर वीस प्रकारचे टाइप वापरा, असं त्यांचा म्होरक्या, कवी मारिनेत्तीनं १९१३ मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी 'झांग तुम्ब तुम्ब' या पुस्तकात त्यानं तोफांचे आवाज टाइपच्या लहानमोठेपणातून ऐकवले. हाच माणूस युद्धाचे गोडवे गायचा आणि पुढे फॅसिस्टांबरोबर गेला. त्याची पानं दाखवताना हेही सांगितलंच पाहिजे.

लिसित्झ्कीनं हा गोंगाट वाचकाच्या कामाला लावला. १९२३ मध्ये बर्लिनमध्ये रशियन कवी मायकोव्हस्कीच्या तेरा कवितांचं पुस्तक निघालं, नाव 'आवाजासाठी'. कविता मोठ्यानं म्हणायच्या होत्या. हवी ती कविता चटकन सापडायला हवी, म्हणून पानांच्या कडेला टेलिफोन डिरेक्टरीसारख्या पायऱ्या कापल्या आणि प्रत्येकीवर कवितेचं नाव नि एक खूण दिली. अंगठा ठेवला की कविता उघडते! आज मोबाइलवर आपण ज्या टॅबवर बोट ठेवतो, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही. आतली चित्रंसुद्धा छापखान्यातल्या खिळ्यांची आणि पट्ट्यांची. खिळे जुळवणाऱ्या जर्मन कंपोझिटरांना रशियन येत नव्हतं, त्यांनी लिसित्झ्कीच्या आराखड्यांबरहुकूम एकेक पान जुळवलं.

लायप्झिगच्या यान चिखोल्ट या तरुण टायपोग्राफरनं १९२३ मध्ये वायमारला बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेचं प्रदर्शन पाहिलं आणि तो बदलून गेला. १९२५ मध्ये त्यानं छपाईवाल्यांच्याच एका मासिकाच्या खास अंकात लिसित्झ्कीचं काम छापलं. १९२८ च्या 'नवी टायपोग्राफी' या पुस्तकात मध्यरेषेवर बांधलेली पानं सोडा, साधी बिनशेपटीची (सॅन्स-सेरिफ) अक्षरं घ्या, कोऱ्या जागेलाही कामाला लावा, हे सगळं सूत्रबद्ध झालं. पुढच्या पिढ्या त्यावरच वाढल्या.

हाच चिखोल्ट १९४७ ते १९४९ पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेत असताना मात्र कादंबऱ्यांची पानं शांत, पारंपरिक पद्धतीनं लावत होता. तो मध्यरेषेकडे परतल्यावर स्विस डिझायनर माक्स बिलनं त्याच्यावर कडक टीका केली होती. मला ती पटत नाही. कादंबरी एकट्यानं, मनात वाचायची. तिथे अक्षरांनी ओरडायचं कशाला? सभेत म्हणायच्या कवितेला एक मांडणी, उशाशी ठेवायच्या पुस्तकाला दुसरी. प्रश्न लिसित्झ्कीचाच होता, फक्त वाचक वेगळा.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एका पानाची स्लाइड दाखवून थांबू नका. 'आवाजासाठी'च्या पुनर्मुद्रित आवृत्त्या निघाल्या आहेत. एखादी मिळवून मुलांच्या हातात द्या आणि त्यांना त्या पायऱ्यांवर अंगठा ठेवून पानं उघडू द्या.