‘दोन तास बसून राहिला आणि पूर्ण दिवसाचे पैसे घेतले’ या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या कामाला एक तारा देऊन तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या बसवूनही भांड्यांच्या उंच कपाटाचे दार आपटते, मसाल्याच्या कपाटाचे छोटे दार मिटता मिटता अर्धवट थांबते आणि आमचा कारागीर दुपारी दोन तास जिन्यात बसून असताना त्याची मजुरी मात्र पूर्ण दिवसाची लावली, असे आपले म्हणणे आहे. पहिल्या दोन तक्रारी रास्त आहेत आणि त्यांबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. कारागीर दहाऐवजी सव्वाअकराला पोहोचला, हीदेखील आमचीच चूक आहे (त्यातली वीस मिनिटे आपल्या गेटवरच्या नोंदवहीत गेली, पण ते असो).

या बिजागरीत एका बारीक नळीत तेल आणि दट्ट्या असतो व दार मिटण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो त्याचा वेग मोडतो. आपले उंच दार जवळजवळ पाच फुटांचे आहे. त्याला तीन बिजागऱ्या हव्या होत्या, आम्ही दोनच लावल्या, त्यामुळे त्या वजनापुढे दट्ट्यांचे काही चालत नाही. छोट्या दाराचे नेमके उलटे आहे. दोन्ही दट्ट्यांना दाबण्याइतका जोरच त्या दारात नाही, म्हणून एका बिजागरीवरचा खटका सरकवून तिचा दट्ट्या बंद करावा लागतो. हे दोन मिनिटांचे काम कारागिराने निघण्यापूर्वी करायला हवे होते. दारे हाताने रेटू नयेत, सोडून द्यावीत, एवढी मात्र विनंती. सवय लागायला थोडे दिवस जातात, माझ्या घरीही गेले.

आता त्या दोन तासांविषयी. आपल्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालवण्यास मनाई आहे, हे आम्हाला त्या दिवशी दोनला पाच मिनिटे कमी असताना आपल्या वॉचमनने वर येऊन सांगितले. आपली जुनी दारे पट्टीच्या बिजागऱ्यांची होती. नव्या बिजागरीची वाटी बसवण्यासाठी १९ मिमी जाडीच्या प्रत्येक दारात ३५ मिमी व्यासाचा आणि सुमारे १२ मिमी खोल खड्डा पाडावा लागतो. पलीकडे उरते ते जेमतेम सात मिमी, आणि तेवढ्यात हात जरा अधिक दाबला गेला तर ड्रिलचे टोक दर्शनी सनमायक्यातून बाहेर येते. हे काम आवाजाशिवाय होत नाही. तरीही नव्या बिजागऱ्यांच्या कपाटाच्या आत लागणाऱ्या पट्ट्या हाताच्या पेचकसाने बसवत राहू का, असे त्याने विचारले होते, तेव्हा सासूबाई नुकत्याच आडव्या झाल्या आहेत, चारपर्यंत बाहेरच थांबा, असे आपणच सांगितलेत. ते योग्यच होते, वयस्कर माणसाची झोप महत्त्वाची. परंतु मग तो जिन्यात बसला यात त्याचा दोष कोणता? सकाळी नालासोपाऱ्याहून निघालेल्या माणसाला दोन तासांसाठी दुसरीकडे काम धरता येत नाही. त्याची १,४०० रुपये रोजंदारी मी कापू शकत नाही आणि कापणारही नाही. सहानंतर ड्रिल बंद करावे लागल्यावर त्याने चौदाही दारांमधली फट हातानेच स्क्रू फिरवून सारखी केली आणि तो पावणेआठला निघाला, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही.

जिन्यात डबा उघडून बसलेल्या त्याचे छायाचित्र मात्र आहे. ते पाहून मला फार वाईट वाटले. परळचे आमचे दुकान तीन माणसांचे आहे, हल्ली लोक तारे पाहूनच फोन करतात आणि या आठवड्यात मोजमापासाठी ठरलेल्या दोन भेटी रद्द झाल्या. कारण कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. एक तारा आपण ठेवू शकता, तो आपला अधिकार आहे, परंतु जेवणाऱ्या माणसाचे छायाचित्र कृपया काढून टाकावे.

यापुढे वेळेबाबत आम्ही अधिक काळजी घेऊ आणि सोसायटीचे नियम आधी विचारून घेण्याची काहीतरी व्यवस्थाही करू. तिसरी बिजागरी आणि छोट्या दाराची दुरुस्ती यांसाठी कोणताही आकार लागणार नाही. शनिवारी सकाळी साडेदहाला मी स्वतः येईन. उंच दारात एकच खड्डा पाडायचा आहे, त्यामुळे ड्रिलचा आवाज बारापूर्वी नक्की थांबेल.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, परळ