टेबलाखाली ट्रिमर का नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले. तुमच्या एका मुद्द्यासाठी मला टेबलाखालचा राउटर (लाकडात खाच पाडायचं, कडा कोरायचं यंत्र) काढून, उलटा-सुलटा करून पुन्हा बघायचा होता. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘१,५०० वॉटच्या खालचा राउटर टेबलासाठी घेऊच नका’ असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, की तुमचं छोटं टेबल साध्या ट्रिमरवर, म्हणजे एका हातात मावणाऱ्या छोट्या राउटरवर, वर्षानुवर्षं चाललंय, त्यावर शेकड्यांनी ड्रॉवर झाले आणि असले लेख वाचून नवशिका माणूस नको तेवढा खर्च करतो. शिवाय प्लंज राउटर (ज्याची मोटर बेसवर वर-खाली सरकते तो) टेबलाखाली ‘निरुपयोगी’ असतो, हे माझं वाक्य चूक आहे, असंही तुम्ही म्हणता.

आधी प्लंजचं बोलू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. राउटर हातात असतो तेव्हा प्लंजची स्प्रिंग मोटर वर उचलून धरते, म्हणजे आपल्याला मदत करते. तोच राउटर टेबलाखाली उलटा टांगला, की स्प्रिंग मोटरला टेबलापासून लांब, खाली ढकलते आणि मोटरचं वजनही खालीच ओढतं. बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, अर्धा मिलिमीटर वर घ्यायचा तर या दोन्हींशी झगडावं लागतं. मी एवढ्यावरच ‘निरुपयोगी’ लिहून मोकळी झाले. पण काही प्लंज राउटरांत ही स्प्रिंग काढता येते आणि टेबलाच्या वरून चावी घालून उंची बदलता येते. ट्रायटनचा टीआरए००१ तर या कामासाठी प्रसिद्धच आहे. त्यात मोटर पूर्ण वर आणली की शाफ्ट आपोआप लॉक होतो आणि एकाच पान्याने बिट बदलता येतो. लेखातलं ते वाक्य मी बदललंय. आता तिथे असं आहे: ‘स्प्रिंग काढता येत नसेल आणि वरून उंची बदलता येत नसेल, तर प्लंज राउटर टेबलासाठी घेऊ नका.’

आता ट्रिमर. इथे मी अर्धीच माघार घेणार आहे.

वॉटचा आकडा मी लिहायलाच नको होता, हे खरं. ताकदीचे छापील आकडे फार फसवे असतात. ‘सव्वातीन हॉर्सपॉवर’ असं लिहिलेला राउटर १२० व्होल्टवर १५ अँपिअर घेत असेल, तर तो भिंतीतून १,८०० वॉटच ओढतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे मोटरने काहीही वाया घालवलं नाही तरी अडीच हॉर्सपॉवरसुद्धा भरत नाही. म्हणून वॉट सोडा. मी आता कुणालाही पहिला प्रश्न हा विचारते: टेबलावर तुम्ही सगळ्यात मोठा बिट कोणता फिरवणार आहात?

तुमचं उत्तर प्रतिक्रियेतच आहे. ड्रॉवरच्या तळाची ६ मिमीची खाच, प्लायच्या कडेला छोटा गोलवा. या कामाला ट्रिमर पुरतो. मी तर म्हणेन, हलका असल्यामुळे तो तिथे जास्त सोयीचा आहे. टेबलाची प्लेट वाकत नाही आणि तो कायम बसवलेला ठेवता येतो. लेख फक्त मोठ्या कामाकडे बघून लिहिला गेला, ही माझी चूक.

पण तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका ओळीने मला खरंच काळजी वाटली: ‘मोठा बिट असेल तर थोडं थोडं कापत जायचं, ट्रिमर काहीही ओढतो.’ दादा, थोडं थोडं कापल्याने मोटरवरचा भार कमी होतो. बिटचा वेग कमी होत नाही. दाराचं पॅनेल कोरायचा आडवा बिट साधारण ८० मिमी व्यासाचा असतो. तो मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटर होतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. १०,००० फेऱ्यांवर तोच वेग ४२ मीटरवर येतो. १२ मिमीचा साधा बिट २४,००० वर फिरला तरी त्याची कड सेकंदाला १५ मीटरच धावते. कितीतरी ट्रिमरांना वेग कमी करायची सोयच नसते. ते एकाच वेगाने, ३०,००० च्या आसपास फिरतात. म्हणून मोठ्या बिटसाठी राउटर निवडताना मी त्याचा सगळ्यात *कमी* वेग बघते. ८,००० ते १०,००० पर्यंत उतरणारा हवा. बाहेरून रेग्युलेटर लावून वेग पाडायचा उपायही सुचवला जातो. त्याने व्होल्टेज पडतं आणि वेगाबरोबर जोरही जातो. ज्या राउटरात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स आहे त्याला तर तो लावूच नये.

दुसरी गोष्ट बिटच्या दांड्याची, म्हणजे शँकची. पाव इंची शँक आणि अर्धा इंची शँक यांत जाडीचा फरक दुप्पट, पण वाकण्याला होणारा विरोध सोळापट, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. लांब बिट पाव इंची दांड्यावर थरथरतो आणि कापलेल्या कडेवर बारीक लाटा उमटतात. ट्रिमरच्या कॉलेटमध्ये, म्हणजे दांडा पकडणाऱ्या नळीत, जाड दांडा बसतच नाही, तेव्हा हा प्रश्न वॉटने सुटणारा नाही. पॅनेलसाठी उभे बिटही मिळतात, व्यास ४० मिमीच्या आतबाहेर. मध्यम राउटरवाल्यांनी उंच फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी फळी) लावून ते वापरावेत, आडव्याच्या नादी लागू नये.

कॉलेटवरून माझा एक अनुभव सांगते, कारण राउटर घेताना याकडे फार कमी लोक बघतात. १२ मिमी जाडीच्या फळ्यांत ८ मिमी खोल खाच घेत होते. बिटचा दांडा ६ मिमीचा आणि कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचं. घट्ट बसल्यासारखं वाटलं. बिट वरच्या दिशेच्या पिळाचा होता. असा बिट भुसा दांड्याकडे ओढतो आणि स्वतः लाकडात शिरायला बघतो. टेबलावर त्याची ‘लाकडात’ ही दिशा म्हणजे वर. चौथ्या फळीला आवाज बदलला. मोजलं तर खाच साडेदहा मिमी खोल, फळीत जेमतेम दीड मिमी लाकूड उरलेलं. राउटर बंद केला, तेव्हा बिट बोटांनी फिरत होता. त्या दिवसापासून ६ मिमीला ६ चंच कॉलेट, १२ ला १२ चं आणि अर्ध्या इंचाला १२.७ चं. आणि दांडा तळाला टेकवून मग दोन-तीन मिमी मागे घेऊन आवळायचा, म्हणजे कॉलेटची पकड बसते.

राउटर घ्यायला जाल तेव्हा उंची बदलून, लॉक करून पुन्हा मोजून बघा. लॉक आवळताना बिट जरासा सरकला, तर तो राउटर हातात चालेल, टेबलाखाली रोज त्रास देईल. माझा जुना राउटर असाच होता. या चार दिवसांत तो पुन्हा लावून पाहिला, अजूनही लॉक करताना ०.२ मिमी सरकतो. ड्रॉवरच्या खाचेत हे खपतं, पण खाचेत जीभ बसवायच्या जोडात सांधा उघडा पडतो. मोटर बेसमधून निघणारी असेल तर पुढे लिफ्ट, म्हणजे मोटर वर-खाली करायची यंत्रणा, बसवता येते, फक्त मोटरचा व्यास लिफ्टशी जुळायला हवा.

सॉफ्ट स्टार्ट (झटका न देता हळूहळू वेग घेणं) वगैरे असेल तर उत्तम. स्वतंत्र स्विच मात्र टेबलाच्या पुढच्या अंगाला हवाच, वीज जाऊन आली तरी आपणहून सुरू न होणारा. हे ट्रिमरच्या टेबलालाही लागू आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही खाली वाकून ट्रिमरचंच बटण दाबता. ते कृपया बदला, हात बिटजवळ असताना डोकं टेबलाखाली नको.

लेखात मी आता दोन भाग केले आहेत: लहान बिटसाठी ट्रिमरचं टेबल आणि मोठ्या बिटसाठी कमी वेगाचा, १२ मिमी किंवा अर्धा इंची कॉलेटचा राउटर. पहिल्या भागात तुमच्या टेबलाची मापं घालायला आवडेल, तुमची हरकत नसेल तर. प्लेटची जाडी आणि ट्रिमर तिला कसा आवळलाय, एवढं कळवा. आणि त्या ट्रिमरचं कॉलेट शेवटचं कधी बदललंत?