आठ नंबरची दुसरी सुई

विणायच्या सुया विकत मिळतात जोडीने आणि हरवतात मात्र एकेकट्या. दोन्ही एकदम हरवल्या तर बरं असतं, माणूस गपगुमान नवीन जोडी घेऊन मोकळा होतो, पण एकच हरवली की उरलेली हातात धरून सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून बसावं लागतं. मी बसले. त्या फटीतून केसांच्या तीन क्लिपा निघाल्या, रिमोटचं मागचं झाकण निघालं, आणि ज्या पेन्सिलीवरून आमच्याकडे एकदा मोठ्ठं भांडण झालं होतं ती पेन्सिल पण निघाली. सुई नाही निघाली.

झालं असं की नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. राखाडी लोकर, आठ नंबरच्या सुया, 110 टाके, खाली दोन सुलट दोन उलटची बॉर्डर आणि वर साधी वीण, एक ओळ सुलट एक ओळ उलट, डोकं लावायचं कामच नाही. पुढचा भाग इतका छान झाला की दोन दिवस मी तो खुर्चीच्या पाठीवर मुद्दाम टाकून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. कोणी काही बोललं नाही ते सोडा. मग मागच्या भागाचे टाके घातले. आता टाके घालताना सुई एकच लागते, दुसरी तेवढा वेळ मोकळी असते, आणि मोकळ्या सुईचा काही भरवसा नसतो. बेल वाजली म्हणून मी उठले, परत येऊन बघते तर एक सुई 110 टाके अंगावर घेऊन बसलीये आणि दुसरीचा पत्ता नाही.

शोधाशोध करून थकले आणि डब्यातून दुसरी एक आठ नंबरची सुई काढली, ऑनलाइन मागवलेली, जांभळ्या रंगाची. म्हटलं आठ म्हणजे आठ. हाताला जरा जाड लागत होती हे खरंय, पण रात्रीचे अकरा वाजलेले, समोर सिरीज चालू, खून कोणी केला ते अजून कळायचंय, त्यात सुईची जाडी कोण बघत बसतंय.

पंधरा दिवसांनी दोन्ही भाग एकावर एक ठेवले. पुढचा 50 सेंटीमीटर रुंद, मागचा 55. लांबीला पण दोन बोटं जास्त, कारण मी ओळी मोजून विणलेलं, टेप लावून नाही. नवऱ्याच्या अंगाला लावून बघितलं तर सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "पुढून माझा मुलगा दिसतोय गं, मागून त्याचे काका."

मग त्यांनीच दोन्ही सुया बोटांत धरून टोकं जुळवून दाखवली. राखाडी जुनी सुई त्यांची, म्हणजे मला वारसाहक्काने मिळालेली, जुन्या ब्रिटिश नंबरची, तिथे आठ म्हणजे 4 मिलीमीटर. जांभळी अमेरिकन नंबरची, तिथे आठ म्हणजे 5. वर आणखी गंमत म्हणजे ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते, 14 नंबर म्हणजे जेमतेम 2 मिलीमीटरची काडी, आणि अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते. दोघांचं एकमत फक्त सातवर होतं, दोन्हीकडे सात म्हणजे 4.5. मी सात नंबरवर स्वेटर विणत असते तर सुई हरवली काय नि बदलली काय, कुणाला कळलंही नसतं. पण मी आठवर होते. तेव्हा सुईचा नंबर विचारूच नका कुणाला, मिलीमीटर विचारा, आणि जुन्या सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकं पाडलेली एक मापाची पट्टी मिळते, त्या भोकांतून सुई घालून बघायची, ज्या भोकात न अडकता आणि न लडबडता बसेल ते तिचं माप.

बरं, दोन वेगळ्या सुयांवर विणणं म्हणजे पापच असतं असंही नाही. टाका केवढा होणार हे उजव्या हातातल्या सुईवर ठरतं, कारण नवीन टाका तिच्यावर तयार होतो. बऱ्याच जणींची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते आणि मग कापडावर आडवे पट्टे पट्टे दिसतात, त्या बायका उलट ओळीसाठी मुद्दाम जराशी बारीक सुई घेतात. मुद्दाम आणि जराशी. मी एक मिलीमीटर जाड घेतली होती, तीही झोपेत.

"सॅम्पल विणलं होतंस का?" हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न. सॅम्पल हा शब्द ऐकला की माझी मान आपोआप खाली जाते. पुढच्या भागाआधी विणलं होतं ना, पण मागच्या भागाला कोण परत विणतं? आणि खरं सांगायचं तर तेही नीट नव्हतंच, चार बोटांचा तुकडा, कडेपासून कडेपर्यंत टेप लावून मापलेला. कडेचे टाके नेहमी खोटं बोलतात. तुकडा चांगला 15 सेंटीमीटरचा विणायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि मधल्या 10 सेंटीमीटरमधले टाके मोजायचे. माझे 4 मिलीमीटरवर 22 भरत होते, जांभळीच्या संगतीत 20. फक्त दोन टाक्यांचा फरक! 110 टाक्यांत त्याचे पाच सेंटीमीटर होतात आणि माणसाचा काका होतो.

तर उसवायला घेतलं. उसवणं हे विणण्यापेक्षा दहापट जलद होतं आणि त्यात एक दुष्ट आनंद असतो, सरसर सरसर ओळी जातात, पण खाली पायाशी जो ढीग पडतो तो बघून तो आनंद मावळतो. लोकर पार्लरमधून आल्यासारखी कुरळी झालेली. तशीच परत विणली तर टाके वाकडेतिकडे येतात, म्हणून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगून वाळवायची. गरम पाणी आणि चोळाचोळ केलीत तर नमदा तयार होईल, लोकर नाही. आता लडी करायला दोन हात हवेत समोर, तर मुलीला बसवलं. ती एका हाताने मोबाइल बघायला लागली. दुसरा हात आपोआप खाली. अर्ध्या तासात आमच्या दोघींच्या मध्ये असा गुंता तयार झाला की मला माझं टोक सापडेना आणि तिला तिचा हात. गुंत्याचा एकच नियम आहे, ओढायचं नाही. ओढलं की गाठ बसते. सगळा गुंता हलक्या हाताने बाहेरून सैल करत जायचं, फुगवायचं, आणि टोक आपोआप वर येईल याची वाट बघायची. मुलगी म्हणाली, "मम्मा, कात्री आणू?" तिला घालवलं आणि खुर्ची उलटी ठेवून तिच्या पायांना लोकर गुंडाळली. खुर्चीकडे मोबाइल नसतो.

आता एवढं झाल्यावर मला स्फुरण चढलं की सगळा साठाच एकदा नीट लावून टाकू. ही चूक होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पिशव्या काढत गेले, पिशवीत पिशवी, तिच्यात अजून पिशवी, आणि आत निम्मं मोजं, निम्मी टोपी, आणि बाहीचा एक भाग जो कुणाच्या स्वेटरचा होता ते आता आठवत नाही, ज्याच्या मापाची घेतली होती ते पोर बहुतेक कॉलेजात असेल. सगळ्यात खाली माझी जपून ठेवलेली भारीतली मेरिनो. गुंडा उचलला आणि तो हातात तुकडे तुकडे होऊन आला. कसर! म्हणजे लोकर खायचं कसरीने काम असं केलं होतं की काही कसर ठेवली नव्हती. शेजारी ॲक्रिलिकचे सहा गुंडे होते, भडक पोपटी, त्यांना तोंड लावलेलं नाही. चव कळते त्यांना. उडणारे ते बारीक सोनेरी पतंग खात नाहीत, खातात त्यांच्या अळ्या, त्यांना अंधार आवडतो, शांतता आवडते आणि घामाचे डाग लागलेली लोकर जास्तच आवडते. म्हणजे न धुता ठेवून दिलेला स्वेटर, वर्षभर न उघडलेल्या कप्प्यात. आम्ही तर पाटच मांडला होता.

उरलेली लोकर वाचवायला फ्रीजरमध्ये टाकली. घट्ट बंद पिशवीत, आतली हवा काढून, उणे 18 च्या आसपास दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर लोकरीवर पाणी सुटतं, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. हे सगळं मला माहीत होतं, घरच्यांना नव्हतं. रात्री बारा वाजता नवरा आइस्क्रीम शोधायला गेला आणि फ्रीजर उघडून बराच वेळ नुसता उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "अगं, हे आता फ्रीजमध्ये पण?"

आता माझ्याकडे सिस्टिम आहे. लोकर पारदर्शक झाकणाच्या डब्यात, प्रत्येक रंगाबरोबर त्याचं लेबल, कारण लेबलावर रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या घाण्याचा नंबर, असतो आणि लॉट बदलला की तोच राखाडी बाहीवर वेगळाच राखाडी दिसतो. गुंडा बोटांवर सैल गुंडाळलेला, घट्ट गुंडाळला की लोकर ताणलेलीच राहते आणि विणून धुतल्यावर आक्रसते. अर्धवट गुंडे वजनकाट्यावर ठेवते, लेबलावर 50 ग्रॅमला 120 मीटर असेल आणि काटा 20 दाखवत असेल तर 48 मीटर उरली, एक टोपी होईल की नाही हे आधीच कळतं आणि उरलेल्या चार ओळींसाठी रडावं लागत नाही. सुया कापडाच्या रोलमध्ये, कप्प्याकप्प्यावर मिलीमीटर लिहून. गोल सुयांच्या, म्हणजे दोन सुया जोडणाऱ्या, वायरी वेटोळं करून कोंबल्या होत्या त्या सापासारख्या झालेल्या, गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या. आणि दर वीस ओळींनी टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवते, म्हणजे पुढे काही चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. सासूबाई याला भित्रेपणा म्हणतात. त्यांचा टाका सुटला तर त्या क्रोशाच्या सुईने एकेक पायरी चढवत वर आणतात, टीव्हीवरची नजर न काढता. असतात काही लोक.

तर त्याच सिस्टिममध्ये एक वही आहे, त्यात प्रत्येक सुईची नोंद. ती लिहिताना मी नवऱ्याला सहज म्हटलं की एवढं सगळं लावलं पण ती आठ नंबरची दुसरी सुई काही मिळाली नाही.

"कुठली? ती राखाडी का, टोकाला गोल बटण असलेली?"

मी पेन खाली ठेवलं.

"ती होय. बाल्कनीतल्या वेलाला आधार हवा होता, ती तिथे एकटीच पडली होती. म्हटलं जोडीतली एक हरवली असणार, तुला काय उपयोगाची."

जाऊन बघितलं. कुंडीत सरळ उभी होती, बटण वर, आणि वेलाने खालपासून वरपर्यंत तिला असे वेढे घातले होते, सगळे सारख्या अंतराचे, एक सैल नाही एक घट्ट नाही. सॅम्पल न विणता. मी हात लावला आणि काढून घेतला, आत आले आणि वहीत लिहिलं, 4 मिलीमीटर, जुनी, राखाडी: एक रोलमध्ये, एक कुंडीत.