‘खाली उतर’ चूक आहे म्हणे!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, ‘शुद्ध मराठी बोला’ टाइपचा. त्यात ‘उतरणे’वर तीन मुद्दे आहेत आणि लोक न वाचताच फॉरवर्ड करतायत म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, उतरणे म्हणजेच खाली येणे, मग ‘खाली उतर’ ही द्विरुक्ती. अहो, हेलिकॉप्टर गच्चीवर उतरतं, पक्षी झाडावर उतरतात, कुठे उतरायचं ते सांगावं लागतंच ना? ‘गच्चीवर’ चालतं तर ‘खाली’ का नाही चालत? आणि झाडावर चढलेल्या पोराला आपण नुसतं ‘उतर’ पण म्हणतो, ‘खाली उतर’ पण म्हणतो, दुसऱ्यात जरा दम असतो एवढंच.

दुसरा मुद्दा, हा शब्द ‘अवतरण’वरून आला, म्हणून मूळ अर्थ फक्त खाली. इथे तर गाडी पारच घसरलीय. उतरणे आलंय संस्कृत ‘उत्तरति’वरून, उद् हा उपसर्ग अधिक तॄ (तरून जाणे) हा धातू, आणि गंमत म्हणजे उद् म्हणजे वर, बाहेर! पाण्यातून बाहेर येणे, पार होणे, नावेतून काठावर येणे असे अर्थ, आणि नावेतून काठावर यायचं म्हणजे पाय खाली टाकायचा, तिथून पुढे खाली येणं चिकटलं. नदीला जिथे चालत पार होता येतं त्या जागेला ‘उतार’ म्हणतात आणि प्रवाशाला ‘उतारू’, ते उगाच नाही.

तिसरा मुद्दा, ‘पाहुणे आमच्याकडे उतरलेत’, ‘ती निवडणुकीत उतरली’ यात खाली काहीच नाही म्हणून चूक. मग ताप उतरला, चेहरा उतरला, पसंतीला उतरलं, वहीत उतरवून घे, विमा उतरवला, हे पण सगळं रद्द करायचं का? दमलेला प्रवासी जिथे गाडीतून उतरला तिथेच राहिला, म्हणून मुक्कामाला ‘उतरणे’, सरळ आहे.

खरं तर बघायचा फरक ‘पडणे’शी आहे, त्यावर मेसेजवाले गप्प. जिना उतरलो म्हणजे माझ्या पायांनी आलो, जिन्यावरून पडलो म्हणजे कल्याण. भाव उतरले म्हणजे हळूहळू, भाव पडले म्हणजे धाडकन.

हां, ‘कपडे उतरवले’ला नावं ठेवलीत तिथे मी त्यांच्या बाजूने, ती हिंदीची लागण, आपण कपडे काढतो. पण त्या एका वाक्यासाठी बाकीचं सगळं खपवून घेणार नाही.