बहावा देणं ही आमचीच चूक होती

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की घरापुढच्या दहा फूट जागेसाठी ‘छोटं, फुलांचं झाड’ मागितलं आणि आमच्या नर्सरीने बहावा दिला. तीन वर्षांत तो गच्चीच्या कठड्याला टेकला, फूल मात्र एकही नाही. सोबत नेलेला देवचाफाही थंडीत ‘मेला’. तुमचा राग योग्य आहे.

बहाव्याबद्दल आधी बोलतो, कारण तिथे दोष सरळ आमचा आहे. आमच्याकडे तो तीन फुटांचा होता, कुंडीत मावत होता, म्हणून आमच्या माणसाने ‘छोटं’ म्हणून दिला. रोप छोटं असणं आणि झाड छोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे गिऱ्हाइकाने नव्हे, आम्ही सांगायचं असतं. बहावा 30 फुटांच्या वर सहज जातो. बियांपासून केलेला असेल तर फुलायला कित्येक वर्षं घेतो, त्यामुळे तुमच्या झाडात काही खोट नाही. जागाच त्याची नाही.

तुम्ही शेंडा छाटायचा विचार करताय, तो कृपया करू नका. शेंडा मारला की खालून सरळसोट फुटव्यांचा झुपका येतो, त्या फांद्यांची पकड कच्ची असते आणि वाऱ्यात त्याच मोडतात. खोड मनगटाएवढं आहे तोवरच काढलेला बरा. तीन वर्षं रुजलेलं झाड हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, हलवून पाहता येईल, पण जगेलच असा शब्द मी देणार नाही. काढायला आमची माणसं येतील, बहाव्याचे पैसेही परत करतो.

त्या जागी काय लावावं? तुमच्याकडे फक्त सकाळचं ऊन आहे, म्हणून मी कुंती सुचवेन. ती साधारण दहा-बारा फुटांवर राखता येते, बारमाही हिरवी असते, कात्री सोसते, आणि बहरली की घरभर वास येतो. मला स्वतःला लॅजरस्ट्रोमिया इंडिका, म्हणजे ताम्हणाची धाकटी बहीण, जास्त आवडते. पण तिला निदान सहा तास कडक ऊन लागतं. कमी उन्हात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते आणि फूल रोडावतं, म्हणून तुम्हाला ती देणार नाही. या वेळी जागा पाहिल्याशिवाय कुठलंच रोप पाठवणार नाही. आता आमच्या प्रत्येक पाटीवर रोपाच्या उंचीबरोबर पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची, पसारा आणि पानगळ होते की नाही, हेही लिहायला घेतलंय. हे आधीच करायला हवं होतं.

चाफा मात्र बहुधा जिवंत आहे. थंडीत तो सगळी पानं टाकून नुसत्या काड्यांवर उभा राहतो. विकताना हे आम्ही सांगितलं नाही, त्याबद्दल माफी मागतो. फांदीवर नखाने हलकेच खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं आणि फांदी घट्ट लागली तर काळजी नाही. बोटाने दाबल्यावर मऊ, पाणचट लागली तर ती सडतेय. तेवढा भाग निरोगी लाकडापर्यंत कापा. पानं गेल्यावर तुम्ही रोज पाणी घालताय असं लिहिलंय, ते आजपासून थांबवा. शेंड्याला नवी पानं फुटायला लागली की मगच पुन्हा सुरू करा.