ऑडिओ गाइड ऑफिसात बसून बनत नाही

परवा ऑफिसात पुन्हा तोच विषय निघाला, क्लायंटकडे प्रत्यक्ष जायची गरज काय, व्हिडिओ कॉल आहे, वापराचा डेटा येतो, फोटो मागवून घेऊ. तिथे बोलायचं ते बोलले पण मनातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. मी ९ वर्षं म्युझियमसाठी ऑडिओ गाइड बनवतेय, म्हणजे ते कानाला लावून फिरतात ना, नंबर दाबला की माहिती सांगणारं, ते. आणि मला या कामातलं जे काही कळतं त्यातलं निम्मं तरी म्युझियममध्ये तासन् तास उभं राहून कळलंय.

मागच्या थंडीत अशाच एका म्युझियमला गेले होते, नाव घेत नाही. डेटात दिसायचं की चौथ्या नंबरनंतर बरेच लोक गाइड बंद करतात. कॉलवर तिथले साहेब म्हणाले, लोकांना इंटरेस्टच नसतो हो. आम्हीही ते खरं मानलं, स्क्रिप्ट छोटी केली, फरक शून्य. शेवटी मी बडोद्याहून सकाळची गाडी धरली, तिकीट काढलं, मशीन घेतलं आणि चार लोकांसारखी फिरले. चौथ्या नंबरला आवाज सांगतो, "आता डावीकडच्या दारातून आत या." डावीकडच्या दाराला कुलूप! पुढे बाक टाकलेला. दुरुस्तीच्या वेळी वाट दुसऱ्या बाजूने काढली होती आणि हे आम्हाला कळवायला हवं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते रोज त्याच नव्या वाटेने जातात, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. कॉलवर आपण जे विचारतो त्याचंच उत्तर मिळतं, आणि दार बंद आहे का असं कोण विचारणार?

मग दोन तास मी त्या बाकावरच बसून होते. एक आजी आल्या नातीबरोबर. हेडफोनचा पट्टा अंबाड्यावर टिकेना, सारखा मानेवर घसरायचा, म्हणून त्यांनी एका हाताने तो कानाशी धरून ठेवला आणि दुसऱ्या हातात काठी. नंबर दाबायला हात कुठून आणणार? नात दाबून द्यायची, आणि नात पुढे पळाली की आजींचं ऐकणं संपलं. आमच्या डेटात याची नोंद काय, तर "बंद केलं". त्या तर ऐकायला आतुर होत्या हो, मला ते बघवत नव्हतं.

आणि मशीन देणारे काका. त्यांच्या ड्रॉवरला आतून एक कागद चिकटवलाय, स्केचपेनने गुजरातीत लिहिलेला, कुठल्या मशीनचं चार्जिंग टिकत नाही, कुठल्याचा एकच कान चालतो. इतकी नीट माहिती आमच्या ऑफिसात कुणाकडे नव्हती. काका, हे कधी कळवलं नाहीत? तर म्हणाले, "मला कोण विचारतंय बेन." लोक दार शोधत परत यायचे तेव्हा हे स्वतः उठून वाट दाखवायचे, पण काउंटरवर रांग असली की जागचं हलता यायचं नाही. तेवढ्यात लोक कंटाळून हेडफोन काढणार नाहीत तर काय करणार!

आम्ही ते "डावीकडे" काढून टाकलं, आता सांगतो की मोठ्या तोफेच्या बाजूने पुढे या, तोफ काही कुणी रोज हलवत नाही. वयस्कर लोकांसाठी फोनसारखं नुसतं कानाला धरायचं मशीन सुचवलं, त्यात एका अंगठ्याने नंबर दाबता येतो.

म्युझियममधलं पहिलं ऑडिओ गाइड १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये निघालं, रेडिओवरून. एकच आवाज सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायचा, म्हणून सगळ्यांना बरोबरच पुढे सरकावं लागायचं. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र मशीन आहे, तरी ऑफिसात बसून लिहिताना आपण सगळे एकाच चालीने चालणार असंच धरून लिहितो.

आपल्या बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये मी अजूनही वेळ मिळेल तशी जाते, सयाजीराव महाराजांनी १८९४ साली सुरू केलेलं, आपल्या सगळ्यांचं लहानपण तिथे गेलंय. देवमाशाच्या त्या ७० फुटी सांगाड्याखाली नुसती उभी राहून लोक काय बोलतात ते ऐकते. पोरं आधी विचारतात, खरा आहे का? मग, इथे आला कसा? मी लिहायला बसले असते तर सुरुवात जात, लांबी, वजन इथून केली असती. खरंतर सुरुवात व्हायला हवी ती "हो, खरा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आला होता" इथून. हे मला त्या पोरांनी शिकवलंय.

म्हणून ऑफिसात मी एवढंच मागितलंय, प्रत्येक कामाला दोन फेऱ्या, एक लिहायच्या आधी, एक गाइड सुरू झाल्यावर महिन्याभराने, आणि दुसऱ्या फेरीत साहेबांच्या केबिनच्या आधी मशीनच्या काउंटरवर जायचं. खर्चाचं बघू म्हणालेत.

तोवर तुम्ही मदत करा. कुठल्याही म्युझियममध्ये गाइड मध्येच काढून ठेवलं असेल तर कुठे आणि का ते खाली लिहा, अगदी "पाय दुखले" एवढंच असलं तरी लिहा, मी सगळं वाचणार आहे.