चूळ न भरणारी नात

आई गेल्या उन्हाळ्यात ग्लासगोला आली, तेव्हा तिचं आणि नातीचं पहिलं भांडण बेसिनपाशी झालं. पोरगी दात घासते, थुंकते आणि तशीच पळते. आई मागून पेला घेऊन, "अगं, चूळ कोण भरणार?" नातीचं उत्तर ठरलेलं : "टीचर सांगते, नुसतं थुंकायचं." पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहावं म्हणून इथे चूळ भरू देत नाहीत. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. खरकट्या तोंडाने पोर घरभर हिंडते म्हणजे काय!

मुलांच्या दातांसाठी शाळेतून चालणाऱ्या स्कॉटलंडच्या या योजनेचं नाव 'चाइल्डस्माइल'. 2006मध्ये ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली. आज बालवाडीत मुलं रोज एकत्र दात घासतात, गरीब वस्त्यांत पहिली-दुसरीतही. एकदा लेकीला सोडायला गेलो तेव्हा पाहिलं : झाकणाच्या स्टँडमध्ये ब्रश एकमेकांना लागणार नाहीत असे उभे, प्रत्येकावर वेगळं चित्र. लेकीचं चित्र बदक. टीचरने कागदी ताटलीवर वाटाण्याएवढे पेस्टचे ठिपके काढले, प्रत्येकाने आपला ठिपका ब्रशने उचलला आणि गालिच्यावर बसून घासायला सुरुवात. पाणी नाही, बेसिन नाही. पाचेक मिनिटांत आवरलं.

2003मध्ये इथल्या पहिलीतल्या 45 टक्के मुलांचेच दात किडीपासून वाचलेले होते. 2020मध्ये ते प्रमाण 74 टक्क्यांच्या आसपास गेलं. बालवाडीतल्या घासण्यावर वर्षाला साधारण 18 लाख पौंड लागतात आणि उपचारांचे त्याच्या अडीच पटींहून जास्त वाचतात, असा हिशेब 2013मध्ये मांडला गेला होता.

आता घरचं. 2025च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले. भाच्याच्या शाळेतल्या फलकाचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला : कोल्ड्रिंकची बाटली, खाली साखरेच्या ढिगाचं चित्र. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्याच आठवड्यात वर्गातल्या एकाचा वाढदिवस होता आणि भाचा दोन चॉकलेटं खिशात घेऊन घरी आला. फलकाला माझा विरोध नाही. पण फलक पाहून ज्याने काही करायचं, तो आठ वर्षांचा पोरगा; मोठ्यांना काही करावं लागत नाही, म्हणून फलक सगळ्यांना आवडतो.

आणि त्याच वर्षी जानेवारीत काय झालं होतं? शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं हे महाराष्ट्राने 2023च्या अखेरीस ठरवलं होतं. ते द्यायचं तर लोकसहभागातून द्या, सरकारकडून वेगळा पैसा नाही, असं 2025च्या जानेवारीत सांगण्यात आलं. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर मात्र ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. ज्यांच्या मुलांना ते अंडं मिळणार होतं, त्यांतलं ग्रुपवर कुणी नव्हतं.

मी ताईला फोनवर चाइल्डस्माइल सांगायला लागलो. ती सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रश ठेवू कुठे? तांदळाच्या पोत्यांना उंदीर लागतात, ब्रश सोडतील होय?" मग खिचडीचा हिशेब, ॲपवरची माहिती, निवडणुकीची कामं, सगळं निघालं. खरं आहे. इथेही शिक्षकांवर सगळं टाकलेलं नाही; दातांच्या कामासाठी वेगळे कर्मचारी नेमलेत, ते शाळाशाळांत येऊन शिकवतात, सामान पुरवतात. आपल्याकडे 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक येऊन मुलं तपासतं, त्यात दातही येतात. कीड सापडते, कार्डावर लिहिली जाते. ती होऊ नये म्हणून रोज काय, ते कार्डावर नसतं.

सगळंच जसंच्या तसं उचलावं असंही नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड इतकं की दातांवर तपकिरी डाग पडतात. तिथे आधी पाणी बघायला हवं.

शिवाय स्कॉटलंडचा एक पराभव मी ताईपासून लपवला नाही. दात सुधारले, वजनं नाहीत. पहिलीत दरवर्षी मुलांची उंची-वजन घेतात, आणि पाचातलं एक मूल स्थूलतेकडे झुकलेलं, हे चित्र वीस वर्षं फारसं हललेलं नाही. पाचवीपर्यंत शाळेत जेवण फुकट असूनही. ब्रश पाच मिनिटांचा, तो शाळेला जमला. वजन शाळेच्या फाटकाबाहेर वाढतं. आमच्या कोपऱ्यावरच फिश-अँड-चिप्सचं दुकान आहे आणि तीन वाजता तिथे रांग लागते. आपल्याकडे शाळेपासून 50 मीटरमध्ये असले पदार्थ विकू नयेत असा 2020चा नियम आहे. ताईला विचारलं, तर ती हसायला लागली. तिच्या फाटकाला लागूनच पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या माळा टांगलेल्या असतात.

"अंगणवाडीत मात्र जमेल," ती फोन ठेवताना म्हणाली. "पोरं कमी, आणि मदतनीसबाई खमक्या आहेत. स्टँडला झाकण असतं म्हणालास ना? फोटो पाठव."

पाठवला. बदकाचा ब्रश मधोमध दिसतोय.